भिंत कुणाची, नाव कुणाचं?

(सामुदायिक रेडिओवरच्या महिला कार्यक्रमात सादर झालेलं बोलणं)

आम्ही उंबरमाळी आणि आजूबाजूच्या पाड्यांवरच्या बचत गटांच्या बाया बोलतोय. खर्डी आणि कसाऱ्याच्या मधे आमचं छोटंसं स्टेशन आहे. लोकलच्या खिडकीतून तुमच्यापैकी कित्येकींनी आमचं गाव पाहिलं असेल. एरवी आम्ही इथून नाचणीच्या पापडांवर, कर्जाच्या हप्त्यांवर, नाही तर रक्तातल्या लोहावर बोलतो. आज भिंतीवर बोलणार आहोत. भिंतीवर कोण लिहितं, का लिहितं आणि कुणाचं नाव लिहितं, यावर. हा काय विषय झाला, असं म्हणू नका. या विषयानं आमच्या पाड्यावरच्या एका पोरीचं अख्खं वर्ष खाल्लं.

झालं असं. आमच्या पाड्यावर पाण्याची टाकी आहे. पाणी असो नसो, दिवसातून दोनदा तिथं सगळ्यांची फेरी होतेच. मागच्या वर्षी गणपतीच्या आधी एका सकाळी टाकीच्या भिंतीवर लाल ऑइलपेंटनं एका मुलीचं नाव लिहिलेलं दिसलं. शेजारी बदाम आणि एका मुलाचं नाव. मुलगी अकरावीला होती. रोज सकाळी लोकलनं आसनगावला उतरून पुढं कॉलेजला जायची. पाड्यावरून कॉलेजात गेलेल्या पोरी आमच्या हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या, त्यातली ही एक.

दुपारपर्यंत ते नाव सगळ्यांच्या तोंडी झालं. संध्याकाळी तिच्या वडिलांनी तिची कॉलेजची पिशवी माळ्यावर टाकली. म्हणाले, "बास झालं शिक्षण."

आम्ही रात्री बैठक घेतली. कुणी म्हणालं, पोलिसात द्या. कुणी म्हणालं, आधी पुसा. आणि एक जण म्हणाली, "अगं, धूर आहे म्हणजे कुठं तरी जाळ असणारच. पोरीनंच काही केलं असेल." हे बोलणारी बाई बाहेरची नव्हती, आमच्याच गटातली होती. हे आम्ही लपवत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या नावावर चुना मारला. चुन्यातून तांबडं पुन्हा वर आलं, कारण ऑइलपेंटवर चुना धरत नाही. पुन्हा मारला. तिसऱ्या दिवशी रात्री कुणी तरी तेच नाव पुन्हा लिहून गेलं.

तेव्हा आमच्या डोक्यात आलं की नुसतं पुसून भागणार नाही. माणूस भिंतीवर लिहितो तरी का, हे समजून घ्यायला पाहिजे. गटातल्या एकीचा मुलगा मुंबईत रंगकाम करतो. तो सुट्टीला आला होता. तो म्हणाला, "मावशी, शहरात याचं मोठं प्रस्थ आहे. ग्राफिटी म्हणतात त्याला." त्यानं मोबाइलवर दाखवलं, मग आम्हीही वाचत गेलो. जे कळलं ते आज तुम्हाला सांगतो.

पण सुरुवात शहरापासून नको, आपल्या घरातल्या भिंतीपासून करू.

आपल्याकडे वारली घरात लग्न निघालं की भिंत आधी शेणानं आणि गेरूनं सारवतात. मग सवाशिणी तांदळाच्या पिठाचं पाणी करून बांबूच्या काडीनं तिच्यावर चौक लिहितात. पाहा, आपण त्याला 'लिहिणं' म्हणतो, चितारणं नाही. चौकात पालघाट देवी असते आणि तिच्याभोवती झाडं, माणसं, जनावरं, नाचणारा तारपा. धवलेरी गाणी म्हणते. तो चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. किती पिढ्या बायांनी हे लिहिलं असेल! पण एकाही चौकाखाली लिहिणारीचं नाव नाही. तसं करायची रीतच नव्हती.

पुढं १९७० नंतरच्या वर्षांत ही कला कागदावर आली. डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा म्हसे यांनी ती लग्नघराच्या भिंतीवरून उचलून जगभर नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले. त्यांचं काम मोठंच, त्यात वाद नाही. पण एक गोष्ट आम्हाला बोलून दाखवावीशी वाटते. भिंतीवर होती तोवर कला बायांची होती आणि बिननावाची होती. कागद आला, बाजार आला, सही आली, तेव्हा सही करणारे हात बहुतेक पुरुषांचे झाले.

आता म्हणाल, बायांनी भिंतीवर नाव लिहायची रीत आपल्याकडे कधी नव्हतीच का? होती. आणि ती आपल्या मुरबाडच्या डोंगरातच सापडते.

माळशेज घाटाच्या वाटेवर, टोकावड्याच्या पुढं, वैशाखऱ्याहून नाणेघाटाची पायवाट चढते. तुमच्यातल्या पुष्कळ जणी त्या वाटेनं गेल्या असतील. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याणच्या बंदरातला माल याच वाटेनं वर जुन्नरला जायचा. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात पडायची, असं सांगतात. तिथंच दगडात कोरलेली एक गुहा आहे आणि गुहेच्या भिंतीवर ब्राह्मी लिपीत मोठा लेख आहे. तो सातवाहन घराण्यातल्या नागनिका राणीचा लेख म्हणून ओळखला जातो. राजा सातकर्णीची ती राणी. कोणकोणते यज्ञ केले आणि त्यात किती गाई, किती घोडे, किती नाणी दान दिली, याचा त्यात आकड्यांसकट हिशेब आहे. तिथले आकडे आपल्या आजच्या अंकांचे पूर्वज मानले जातात, म्हणून जगभरातले अभ्यासक या लेखाचं नाव घेतात. त्याच गुहेत घराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या आणि प्रत्येकीवर नाव कोरलेलं होतं. मूर्ती आता पायांपुरत्याच उरल्या आहेत, नावं मात्र वाचता येतात. त्या नावांत नागनिकेचंही नाव आहे.

आम्ही हे बैठकीत वाचून दाखवलं तेव्हा आमची एक आजी म्हणाली, "म्हणजे राणीनं हिशेब भिंतीवर लिहिला, आणि आमचा हिशेब अजून पेटीत?" त्या वेळी आम्ही हसलो. पण तिचं बोलणं पुढं उपयोगी पडलं, ते नंतर सांगतो.

आता शहराकडे वळू. ग्राफिटी हा शब्द मूळचा इटलीतला. त्याचा अर्थ साधा आहे, ओरखडे. त्याच इटलीत पाँपेई नावाचं शहर होतं. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत ते गाडलं गेलं. पुढं राख उपसली, तेव्हा घरांच्या आणि दुकानांच्या भिंतींवर हजारो लिखाणं सापडली. अमक्याला निवडून द्या, तमक्याचं तमकीवर प्रेम आहे, दुकानाची उधारी, आणि शिव्यासुद्धा. म्हणजे आमच्या टाकीवरचा बदाम काही नवा नाही.

आज ज्याला ग्राफिटी म्हणतात ती मात्र अमेरिकेत वाढली, साधारण १९६० ते १९७० च्या दशकात, फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क या शहरांत. लिहिणारी पोरं बहुतेक गरीब वस्त्यांमधली होती. त्यांचे आईबाप दुसऱ्या देशांतून पोट भरायला आलेले, नाही तर काळे म्हणून बाजूला टाकलेले. न्यूयॉर्कमध्ये ग्रीक घरातला एक मुलगा होता. तो चिठ्ठ्यापार्सलं पोचवायचं काम करायचा. जाईल तिथं तो स्वतःचं टोपणनाव आणि आपल्या गल्लीचा नंबर लिहायचा, 'टाकी १८३'. जुलै १९७१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स या मोठ्या वर्तमानपत्रानं त्याच्यावर बातमी छापली. मग काय, शेकडो पोरं लिहायला लागली. आधी भिंतींवर, मग तिथल्या लोकल गाड्यांवर. आपली लोकल जशी कसाऱ्याहून थेट मुंबईच्या टोकाला जाते, तशीच ती गाडीही गरीब वस्तीतून निघून श्रीमंत वस्तीतून जायची. गाडीवर नाव लिहिलं की अख्खं शहर वाचणार. जिथं त्या पोरांना कुणी उभं करत नव्हतं, तिथं त्यांचं नाव फिरून यायचं.

ही पोरं स्वतःला चित्रकार म्हणवत नसत. 'रायटर' म्हणवत, म्हणजे लिहिणारे. त्यांच्या टोळ्या असत आणि टोळ्यांचे नियमही असत. दुसऱ्याचं चांगलं काम असेल तर त्याच्यावर आपलं लिहायचं नाही. नवख्यानं आधी वहीत हात बसवायचा. अक्षर आपलं स्वतःचं पाहिजे, कुणाचं चोरायचं नाही.

त्यांच्यात एक मुलगी होती. दक्षिण अमेरिकेतल्या एक्वाडोर देशात जन्मलेली आणि न्यूयॉर्कमध्ये वाढलेली. 'लेडी पिंक' या नावानं ती १९७९ पासून लिहायला लागली. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती, आमच्या पाड्यावरच्या त्या पोरीच्याच आसपासची. रात्री अंधारात गाड्यांच्या यार्डात शिरायचं, डबे उचलायचे, पळायचं, हे मुलींचं काम नाही असं मुलांचं म्हणणं. तिनं करून दाखवलं. १९८० मध्ये तिनं नुसत्या मुलींची टोळी काढली. आम्ही हे वाचलं तेव्हा म्हटलं, हा तर गटच की! पुढं तिची चित्रं मोठमोठ्या संग्रहालयांत गेली.

आता दुसरी बाजूही सांगतो. हे सगळं कायद्याच्या विरुद्ध होतं. गाड्या धुवायला शहराचा भरमसाट पैसा जायचा. डब्यांच्या खिडक्या रंगानं बंद व्हायच्या, गाडी कुठं आली ते आतल्या माणसाला दिसायचं नाही. रूळ ओलांडताना काही पोरांचे जीवही गेले. शेवटी तिथल्या रेल्वेनं ठरवलं की रंगवलेली गाडी रुळावर सोडायचीच नाही. मे १९८९ मध्ये त्यांनी सगळ्या गाड्या स्वच्छ झाल्याचं जाहीर केलं. तोवर ही रीत जगभर पसरली होती. बर्लिन शहराची फाळणी करणारी भिंत होती, तिची पश्चिमेकडची बाजू लोकांनी लिहून लिहून भरून टाकली होती. ती भिंत १९८९ च्या नोव्हेंबरात पडली.

आपल्या मुंबईत भिंत पहिल्यापासून बोलते, पण ती जास्त करून घोषणांची भिंत. १९५६ ते १९६० मध्ये संयुक्त महाराष्ट्राची चळवळ झाली. मोर्च्यातल्या घोषणा गिरणगावच्या भिंतींवर उतरत. ज्यांच्याकडे वर्तमानपत्र नव्हतं, त्यांचं वर्तमानपत्र म्हणजे भिंत. खेड्यातही भिंती लिहिल्या गेल्याच. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण आठवतो ना? तो आपल्या आयांच्या घरांवर होता. नंतर पक्षांची चिन्हं आली, सिमेंटची जाहिरात आली, मूळव्याधीचा वैद्य आला. एकदा आम्ही आमच्या पाड्यावरून फिरून भिंती वाचल्या. सरकार होतं, पुढारी होते, कंपनी होती, वैद्य होता. आमच्या भिंतीवर सगळ्यांनी लिहिलं होतं, फक्त आम्ही सोडून.

मुंबईत चित्रांच्या भिंती अलीकडच्या. २००९ साली महापालिकेनं माहीम-दादरकडच्या तुळशी पाइप रोडवरची रेल्वेची लांबलचक भिंत लोकांना रंगवायला दिली. शेकडो माणसं आली. कॉलेजची मुलं, नोकरदार, आईबाप आणि त्यांची लेकरं. परवानगी घेऊन, दिवसाउजेडी. आणि वांद्र्याचं एक चित्र तर आम्ही स्वतः पाहिलंय. महालक्ष्मी सरसच्या प्रदर्शनाला आम्ही पापड आणि कुरडया घेऊन गेलो होतो. तिथं वांद्रे रेक्लमेशनला टेलिफोनवाल्यांची उंच इमारत आहे. तिची अख्खी बाजू भरून दादासाहेब फाळक्यांचं चित्र होतं. २०१४ साली रंगवलेलं. फाळके म्हणजे १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' सिनेमा काढणारे, आपल्या कसारा घाटापलीकडच्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेले. आम्ही पिशव्या खाली ठेवून मान वर करून बघत राहिलो. ते रंगवणाऱ्या कलाकारांतला मुख्य माणूस म्हणजे रणजित दहिया. हरियाणात सोनीपतकडच्या खेड्यातला. सुरुवातीला घरांना रंगसफेदी करायची कामं करणारा. हे आम्हाला घरी आल्यावर कळलं. म्हणजे चुन्याच्या कुंच्यापासून तिथवर वाट जाते.

२०१७ साली कुलाब्याच्या ससून डॉकमध्ये असंच भिंतींचं मोठं प्रदर्शन झालं. ससून डॉक म्हणजे मासळीचा जुना धक्का, १८७५ सालचा. तिथं कोळणी मासळीचा लिलाव करतात, कोळंबी सोलतात. त्या कोळी माणसांचेच मोठाले फोटो तिथल्या भिंतींवर लावले होते. रोज पहाटे जिथं बसून काम करायचं, तिथल्याच भिंतीवर आपला चेहरा. कसं वाटलं असेल त्या बायांना!

आता मैत्रिणींनो, मुद्द्यावर येतो. नुसतं लिहिलेलं असलं म्हणजे चांगलं, असं नाही. १८१९ सालच्या एप्रिल महिन्यात जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला निघाला असता त्याला अजिंठ्याची लेणी दिसली. दहा नंबरच्या लेण्यात शेकडो वर्षांची जुनी चित्रं होती. त्यानं काय केलं, तर त्या चित्रावरच आपलं नाव आणि तारीख कोरली. ती आजही तिथं आहे. आपल्या शहापूरच्या माहुली गडावर जा, नाही तर कुठल्याही किल्ल्यावर जा. दगडादगडावर कुणी ना कुणी जॉन स्मिथ होऊन गेलेला असतोच. संरक्षित वास्तूवर असं केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि दुसऱ्याच्या किंवा सरकारी भिंतीवर न विचारता लिहायला आपल्या राज्यात १९९५ च्या कायद्यानं बंदी आहे. मग ते निवडणुकीचं असो की प्रेमाचं.

हे सगळं ऐकून झाल्यावर बैठकीत आम्ही एकमेकींना विचारलं, आमच्या टाकीवरचं लिखाण यातलं कशात बसतं? तेव्हा एकीनं नेमकं बोट ठेवलं. टाकी १८३ नं स्वतःचं नाव लिहिलं. लेडी पिंकनं स्वतःचं नाव लिहिलं. नागनिका राणीचं नाव तिच्याच लेण्यात आहे. जॉन स्मिथनं दुसऱ्याचं चित्र बिघडवलं, पण नाव तरी स्वतःचं घातलं आणि त्याचा दोष आजवर त्याच्याच माथी आहे. आमच्या टाकीवर लिहिणाऱ्यानं नाव लिहिलं ते दुसरीचं, तिला न विचारता. स्वतः अंधारात राहिला आणि तिला उजेडात उभं केलं. ही ग्राफिटीही नाही आणि प्रेमही नाही. ही चहाडी आहे. चौकात उभं राहून तोंडानं बोलायची हिंमत नव्हती, म्हणून भिंतीकडून बोलवली.

हे एकदा स्पष्ट झालं तसं पुढचं काम सोपं झालं. जी बाई "धूर आहे म्हणजे जाळ असणार" म्हणाली होती, तीच आमच्याबरोबर मुलीच्या वडिलांकडे आली. म्हणाली, "दादा, चोरी आपल्या घरात झाली, तर आपण चोराला धरायचं की घराला कुलूप लावून लेकराला आत कोंडायचं?" वडील ऐकून गप्प राहिले. पहिल्या दिवशी हो म्हणाले नाहीत, दहाव्या दिवशीही नाही. आम्ही जात राहिलो. दिवाळी आली, सहामाही परीक्षा बुडाली. शेवटी वर्षच गेलं. यंदा जूनमध्ये तिनं पुन्हा अकरावीत नाव घातलं. स्टेशनापर्यंत सकाळी तिच्याबरोबर आमच्यातली एक जण जाते. पाळ्या लावल्या आहेत. म्हणजे आम्ही जिंकलो असं काही नाही, मैत्रिणींनो. एक वर्ष गेलं ते गेलं.

लिहिणारा पोरगाही सापडला. रंगाचा डबा कुणाच्या घरून गेला यावरून कळलं. वय सतरा, दहावीनंतर शाळा सुटलेली, टेम्पोवर हमाली करतो. त्याला आम्ही मारलं नाही, वाजतगाजत फिरवलंही नाही. त्याला आणि त्याच्या आईला समोर बसवलं. विचारलं, "का लिहिलंस?" तो खाली बघून म्हणाला, "सगळे लिहितात." आम्ही म्हटलं, "मग तुझं एकट्याचं नाव का नाही लिहिलंस?" यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. त्याला सांगितलं, मुलीच्या आईबापांसमोर चूक कबूल कर, आणि टाकीची भिंत तूच घासून साफ कर, दिवसा, सगळ्यांच्या देखत. दोन दिवस तारेच्या ब्रशनं घासत होता. पुन्हा असं झालं तर पोलिसात जाऊ, हेही त्याला आणि त्याच्या घरच्यांना सांगून ठेवलं.

भिंत साफ झाली. आता ती रिकामी ठेवायची का? इथं आजीचं ते बोलणं आठवलं. राणीनं हिशेब भिंतीवर लिहिला. राजस्थानातली गोष्टही आम्हाला कळली होती. तिथं मजदूर किसान शक्ती संघटनेनं गावोगावी सरकारी कामांचे हिशेब लोकांपुढं मांडायची चळवळ केली. पुढं तिथं गावांच्या भिंतींवर रोजगार हमीच्या मजुरांची नावं, कामाचे दिवस आणि मिळालेले पैसे रंगानं लिहिले गेले. स्वतःच्या नावापुढं न केलेल्या कामाचे दिवस दिसले की बाई उभी राहून विचारायची. याच चळवळीतून माहितीच्या अधिकाराची मागणी वाढली आणि २००५ चा कायदा आला.

मग आम्ही ग्रामपंचायतीला अर्ज दिला. ग्रामसभेत ठराव झाला आणि लेखी परवानगी मिळाली. भिंतीला चुन्याचे दोन हात दिले. सरळ रेघांसाठी सुताच्या दोरीला गेरू चोळला, दोघींनी दोन टोकं धरली, तिसरीनं मधे टिचकी मारली. अक्षरं काढायला कुणी हवं होतं. त्याच पोराचं अक्षर चांगलं होतं, त्यालाच बोलावलं. काही जणींना ते पटलं नाही, आणि त्यांचं चुकलं असंही आम्ही म्हणत नाही. मुलीच्या आईला आधी विचारलं. ती म्हणाली, "लिहू दे. पण काय लिहायचं ते तुम्ही सांगायचं आणि तुम्ही समोर उभं राहायचं." तसंच केलं.

वर लिहिलं टँकरचं वेळापत्रक. तुम्हाला ठाऊक आहेच, तानसा, वैतरणा, भातसा आपल्याच भागात, मुंबई आपल्या पाण्यावर जगते, आणि उन्हाळ्यात आपण टँकरची वाट बघतो. तारीख, वार आणि आलेल्या फेऱ्या यांच्या चौकटी केल्या. तो भाग काळा रंगवून घेतला, म्हणजे खडूनं रोज भरता येतो. टँकर आला नाही त्या दिवशी चौकट रिकामी ठेवली. रिकामी चौकट जाणारायेणारा प्रत्येक जण बघतो. उन्हाळ्याच्या अखेरीस फेऱ्यांच्या हिशेबावरून प्रश्न निघाला, तेव्हा आम्हाला भांडावं लागलं नाही. भिंतीचा फोटो दाखवला. खाली तीन नंबर लिहिले. मुलांसाठी १०९८, बायांसाठी १८१, आणि कुठल्याही अडचणीत ११२. सगळ्यात खाली भिंत सांभाळणाऱ्या गटातल्या बायांची नावं. हे काम मात्र पोराकडं दिलं नाही, आपापलं नाव आपापल्या हातानं लिहिलं. आमच्यातल्या काही जणींना सहीपलीकडं लिहिता येत नाही. त्यांनी सहीच मोठी करून काढली. ओळी वाकड्या झाल्यात, पण आहेत आमच्या.

त्या पोरीलाही विचारलं होतं, तुझं नाव घालू का, कॉलेजात जाणारी म्हणून? तिनं सरळ सांगितलं, "नको. माझं नाव कुठल्याच भिंतीवर नको." आम्हाला आधी वाईट वाटलं. मग कळलं, ती बरोबर बोलतेय. आपलं नाव कुठं लिहायचं आणि कुठं नाही, हे ज्याचं नाव त्यानं ठरवायचं. आम्ही तिचं भलं चिंतून जरी लिहिलं असतं, तरी तिला न विचारता लिहिलं असतं, तर आमच्यात आणि त्या पोरात फरक काय उरला असता?

म्हणून सगळ्या गटांना आमचं सांगणं एवढंच. या महिन्याच्या बैठकीत दोन कामं करा. एक, आपल्या पाड्यावरून एकदा फिरून भिंती वाचा. कुणी काय लिहिलंय आणि कुणाच्या मर्जीनं, ते बघा. एखाद्या मुलीचं नाव दिसलं तर त्याच दिवशी घासून काढा आणि त्याच दिवशी तिच्या घरी जा. आधी तिच्या बाजूनं उभ्या राहा, चौकशी मागून. दुसरं, घरच्या भिंतीकडं बघा. दारावर नाव कुणाचं आहे? पाटीवर तुमचं नाव घालून घ्या. पण नुसत्या पाटीवर थांबू नका, ग्रामपंचायतीत जाऊन घराच्या नमुना आठच्या उताऱ्यावर नवऱ्याबरोबर तुमचं नाव लागलंय का तेही बघा. पाटीचा रंग उडतो. कागदावरचं नाव तसं उडत नाही.

आणि हो, नाणेघाटाला गेलात तर लेखाकडं डोळे भरून बघा. पण हातात खडू, कोळसा, खिळा काही धरू नका. ती भिंत भरलेली आहे. तिच्यावरचं नाव जिचं आहे, तिचंच राहू द्या.

आता निरोप घेतो. पाण्याची वेळ झाली.